वीज गेली की प्रिंटर हरवतो: घरच्या नेटवर्कवर उपकरणं ओळखायची कशी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दोन मजली घर, फायबरचं कनेक्शन, तीस-पस्तीस उपकरणं. खाली कंपनीनं दिलेला डबा, वरच्या मजल्यावर तुम्ही स्वतः विकत घेतलेला राउटर. वीज जाऊन आली की प्रिंटर 'ऑफलाइन' होतो, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरवर चारपैकी दोन चौकटी काळ्या दिसतात, आणि राउटरच्या यादीत अर्ध्या नावांच्या जागी 'अननोन'. तेव्हा प्रत्येक उपकरणात जाऊन आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांतला पत्ता) कायमचा टाकून द्यावा का, आणि तसं केल्यावर कोणतं उपकरण कोणतं हे खात्रीनं कळेल का?

पहिल्या भागाचं उत्तर: नका टाकू. दुसऱ्याचं: तेवढ्यानं कळणार नाही. मी गेली अठरा वर्षं घरांची आणि छोट्या दवाखान्यांची नेटवर्कं बसवतोय आणि उपकरणाउपकरणात हातानं टाकलेले पत्ते निस्तरण्यात त्यातला बराच वेळ गेलाय. काही मीच टाकलेले होते, हेही कबूल करतो.

आधी पत्ता बदलतो का, ते पाहू. राउटरमधला डीएचसीपी हा भाग पत्ते वाटतो, पण ते भाड्यानं. मुदतीला लीज म्हणतात. कुठे ती दोन तासांची असते, कुठे चोवीस तासांची. अर्धी मुदत सरली की उपकरण आपणहून विचारतं, हाच पुढे चालू ठेवू ना? राउटर सहसा हो म्हणतो. त्यामुळे उपकरण चालू असेतोवर पत्ता महिनोन्‌महिने तोच राहतो आणि आपण समजतो की तो त्याचाच आहे. मग एका दुपारी वीज जाते. पुष्कळ स्वस्त राउटरांत वाटपाची नोंद फक्त मेमरीत असते, बंद झाला की पाटी कोरी. फोन आणि लॅपटॉप जुना पत्ता लक्षात ठेवून तोच मागतात. स्मार्ट प्लग, बल्ब, साधे कॅमेरे यांतली बरीच मंडळी काही लक्षात ठेवत नाहीत, मिळेल तो घेतात. वीज आल्यावर राउटर जागा व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तोवर सगळे दाराशी ताटकळलेले. दार उघडलं की जो पुढे घुसेल त्याला पहिली जागा. काल प्रिंटरचा असलेला पत्ता आज गीझरच्या प्लगकडे जातो आणि तुमचा लॅपटॉप इमानेइतबारे गीझरला पानं छापायला सांगत बसतो.

राउटर इन्व्हर्टरवर असेल तर त्याची नोंद टिकते, म्हणून अशा घरांत ही तक्रार कमी. शिवाय काही राउटरांत, विशेषतः ज्यांच्या पोटात डीएनएसमास्क हा प्रोग्राम असतो त्यांत, पत्ता उपकरणाच्या मॅक क्रमांकावरून, म्हणजे कारखान्यात मिळालेल्या त्याच्या ओळखक्रमांकावरून, गणित करून काढतात. नोंद पुसली तरी बहुतेक वेळा तोच पत्ता पुन्हा निघतो. 'माझ्या भावाकडे तर असं कधीच होत नाही' याचं उत्तर अनेकदा या दोनांपैकी एक असतं.

आता एसटीचं उदाहरण घ्या. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, आणि खिडकीवर जाऊन आरक्षण करणं, दोन्हींत जागा मिळते. पण रुमालाची खबर कंडक्टरला नसते. तो त्याच जागेचं तिकीट दुसऱ्याला देऊन मोकळा होतो आणि मग गाडीत जे व्हायचं ते होतं. उपकरणात शिरून टाकलेला पत्ता हा रुमाल आहे. राउटरला त्याची कल्पना नसते. तो तोच पत्ता पाहुण्यांच्या फोनला देऊ शकतो, आणि मग कॅमेरा कधी दिसतो कधी नाही, असा भुताटकीचा प्रकार सुरू होतो. चांगले राउटर पत्ता देण्याआधी तो कुणी वापरतंय का हे तपासतात, पण त्या क्षणी कॅमेरा बंद असला तर त्यांना तरी काय कळणार?

आरक्षण राउटरमध्ये होतं. अमुक मॅक क्रमांकाचं उपकरण आलं की त्याला अमुकच पत्ता द्यायचा, दुसऱ्या कुणाला तो द्यायचा नाही, एवढीच नोंद. उपकरणात काहीच बदलायचं नाही, तिथे 'ऑटोमॅटिक'च ठेवायचं. मेन्यूत हे 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'डीएचसीपी बाइंडिंग' अशा नावानं सापडेल. नुसतं 'आयपी-मॅक बाइंडिंग' दिसलं तर जरा थांबा. काही राउटरांत ते वेगळंच प्रकरण असतं, पत्त्याची चोरी रोखण्यासाठीचं, आणि त्यानं पत्ता दिला जात नाही.

आरक्षणाचा मोठा फायदा राउटर बदलताना कळतो. नवा डबा १९२.१६८.० या पट्ट्यातला (पहिले तीन आकडे सारखे ते पत्ते एका पट्ट्यातले) आला आणि तुमचे कॅमेरे हातानं टाकलेल्या १९२.१६८.१ मध्ये बसलेले असले की ते कुणालाच सापडत नाहीत. मग लॅपटॉपला तात्पुरता जुन्या पट्ट्यातला पत्ता द्या, एकेक कॅमेरा शोधा, त्याचा पासवर्ड आठवा, बदला. एका दवाखान्यात मी हे सोळा कॅमेऱ्यांसाठी केलंय, शिडीसकट. आरक्षण असतं तर पंधरा मिनिटांत नव्या राउटरमध्ये यादी भरून घरी गेलो असतो.

हातानं पत्ता टाकावा अशी दोन-तीनच उपकरणं असतात: पत्ते वाटणारा राउटर स्वतः, वरच्या मजल्यावरचा ॲक्सेस पॉइंट (पत्ते न वाटता नुसतं वायफाय पसरवणारा डबा), आणि घरात जाहिराती गाळणारा वगैरे स्वतःचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा संगणक, असेल तर तो. राउटर ज्या आकड्यांमधून पत्ते वाटतो, त्यांच्या बाहेर हे ठेवायचे.

पण या कशालाही हात लावण्याआधी तुमच्या घरातला खरा घोळ निस्तरा. तुमच्याकडे पत्ते वाटणारे दोघं आहेत. खालचा डबा वाटतोय आणि वरचा राउटर वेगळे वाटतोय. वरच्या राउटरची वायर त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे इंटरनेट आत घेण्याच्या भोकात, खोचलेली असणार, म्हणजे घरात एकात एक अशी दोन नेटवर्कं झाली. वरून खालच्या प्रिंटरला हाक जाते, खालून वरच्याला जात नाही. वरचा राउटर आपल्यामागची सगळी उपकरणं स्वतःच्याच नावावर दाखवतो, तेव्हा खालच्या डब्याच्या यादीत ती कधीच दिसणार नाहीत. अशा घरात आरक्षणं करत बसणं म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणं.

वरच्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर क्रम महत्त्वाचा: आधी त्याला खालच्या पट्ट्यातला, वाटपाबाहेरचा एक मोकळा पत्ता द्या, मग त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि शेवटी वायर वॅनमधून काढून लॅन पोर्टात, म्हणजे घरची उपकरणं जोडायच्या भोकात, घाला. उलट क्रमानं केलंत तर मधल्या काळात त्याच राउटरच्या पानावर पोचायला धडपडावं लागेल. काही कंपन्यांच्या डब्यात आरक्षणाची सोयच नसते किंवा ती ग्राहकाला उघडी नसते. तसं असेल तर उलटं करा: डबा ब्रिज मोडवर (म्हणजे स्वतः पत्ते न वाटता नुसतं इंटरनेट पुढे देणारा) टाकून मागा आणि तुमचा राउटर मुख्य करा. ते काम नेटवाल्याकडूनच करून घ्यावं लागतं, आणि त्याला दोनदा फोन करावा लागेल हे धरून चाला.

याच वेळी पट्टाही बदलून टाका. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ हे दोन पट्टे निम्म्या जगात आहेत. घरच्या कुणाला व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी वाटेनं, ऑफिसच्या नेटवर्कात जायचं असेल आणि तिथेही तोच पट्टा निघाला, तर लॅपटॉपला कळत नाही की १९२.१६८.१.२० म्हणजे घरचा प्रिंटर की ऑफिसचा सर्व्हर. १९२.१६८.३७ सारखा काहीतरी आडवळणाचा घ्या. पुढची उदाहरणं मी त्यातच देतो.

आता मूळ मुद्दा, ओळखीचा. आरक्षण मॅक क्रमांकावर उभं आहे, म्हणजे तो क्रमांक कितपत भरवशाचा यावर सगळं अवलंबून. हा बारा अंकाक्षरांचा असतो, दोनदोनच्या सहा जोड्या. अंक शून्य ते नऊ आणि अक्षरं ए ते एफ. पहिल्या तीन जोड्या आयट्रिपलई ही संस्था उत्पादकाला देते, उरलेल्या तीन उत्पादक स्वतः भरतो. विंडोज तो मधे आडव्या रेघा घालून दाखवतं, लिनक्स विसर्गासारखे दोन टिंब घालून. ॲपलच्या मॅक संगणकावर (नावाचा घोळ त्यांचा, माझा नाही) एआरपीच्या यादीत (कुठला आयपी पत्ता कुठल्या मॅक क्रमांकाचा, ही संगणकाकडची यादी) जोडीतलं पुढचं शून्य गाळलेलं असतं, ०८ चं नुसतं ८. शोधताना 'हा तर जुळतच नाही' असं वाटलं तर आधी हे तपासा.

उत्पादकाच्या नावावर मात्र विसंबू नका. ते नाव वायफायची चिप किंवा मोड्यूल बनवणाऱ्याचं असू शकतं, आणि डब्यावरचं नाव वेगळं. स्वस्त प्लग, बल्ब, पंख्याचे रेग्युलेटर यांत शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची चिप सर्रास असते, म्हणून यादीत 'एस्प्रेसिफ' दहा वेळा येतं आणि घरात त्या नावाची एकही वस्तू नसते. एका सोसायटीतले एक काका पक्के होते की शेजारी त्यांचं वायफाय चोरतोय. पुरावा म्हणजे हेच नाव. पासवर्ड तीनदा बदलला. दर वेळी चोर जायचा आणि दोन-तीन दिवसांनी परत यायचा. मी गेलो तेव्हा बोलता बोलता काकू म्हणाल्या, अलीकडे गच्चीवरची टाकी सारखी भरून वाहते, इलेक्ट्रिशियनला तीनदा बोलावलं. चोर म्हणजे टाकीची पातळी बघून पंप बंद करणारा डबा. काका पासवर्ड बदलत होते, टाकी वाहत होती, इलेक्ट्रिशियन येऊन काकूंकडून नवा पासवर्ड घेत होता.

काकांना वहीची गरज होती, आणि तुम्हालाही आहे. तिच्याकडे येतोच, पण त्याआधी फोनचं प्रकरण, कारण आजकाल 'अननोन'मधला सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच.

पूर्वी फोन जिथे जाईल तिथे आपला खरा मॅक क्रमांक ओरडत फिरायचा आणि मॉलमधली यंत्रं त्यावरून माणसांचा माग काढू शकायची. म्हणून फोनवाल्यांनी खोटा, यदृच्छेनं बनवलेला क्रमांक द्यायला सुरुवात केली. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, हे आपोआप चालू असतं; आयफोनवर आयओएस १४ पासून, २०२० मध्ये आलं. बाहेर हे उत्तमच आहे, बंद करू नका. घरी मात्र त्यामुळे फोन ओळखू येत नाही.

खोटा क्रमांक ओळखायची युक्ती सोपी आहे. पहिल्या जोडीतलं दुसरं अंकाक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर क्रमांक कारखान्यातला नाही. ५सी नं सुरू होणारा बहुधा खरा, ५ई नं सुरू होणारा बनवलेला. (पहिल्या जोडीतला एक बिट 'हा क्रमांक स्थानिक पातळीवर ठरवलाय' असं सांगतो, तो लागला की ही चारच अंकाक्षरं येऊ शकतात.) अशा क्रमांकाचा उत्पादक शोधण्यात वेळ घालवू नका, तो सापडणार नाही.

हा खोटा क्रमांक रोज बदलतोच असं नाही. साधारणपणे तो वायफायच्या नावागणिक एक असतो: तुमच्या घरच्या नावाला एक, ऑफिसच्या नावाला दुसरा. यातून एक गंमत होते. तुमच्याकडे 'घर' आणि 'घर ५जी' अशी दोन नावं आहेत ना, पहिलं २.४ गीगाहर्ट्झचं, दुसरं ५ गीगाहर्ट्झचं? तर एकच फोन यादीत दोनदा दिसणार, दोन वेगळ्या क्रमांकांनी, आणि तुम्ही आरक्षण एकालाच केलेलं असणार. दोन्हींना एकच नाव द्या. फोन आपला आपण २.४ की ५ गीगाहर्ट्झ ते निवडतो. फक्त एक सावधगिरी: काही जुने स्मार्ट प्लग पहिल्यांदा जोडताना एकच नाव असलं की अडतात, तेव्हा पाच मिनिटांपुरतं ५ गीगाहर्ट्झ बंद करून त्यांना जोडून घ्यावं.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, वायफाय, घरच्या नेटवर्कपुढचं गोलातलं चिन्ह, मग 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस'. आयओएस १८ पासून तिथे बंद, स्थिर आणि फिरता असे तीन पर्याय इंग्रजीत दिसतात. घरासाठी 'फिक्स्ड' निवडा. अँड्रॉइडवर त्याच नेटवर्कच्या तपशिलात 'प्रायव्हसी'खाली 'रँडमाइज्ड मॅक' की 'डिव्हाइस मॅक' असं विचारतात; मी घरच्यांच्या फोनला 'डिव्हाइस मॅक' करून टाकतो. हा पर्याय त्या एकाच नेटवर्कपुरता असतो, बाहेर फोन पूर्वीसारखाच मुखवटा घालून फिरतो. विंडोजमध्येही 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' नावाचं बटण आहे, ते कुणी चालू केलेलं नाही ना हे पाहून घ्या.

खरं सांगायचं तर फोनला आरक्षणाची गरजच क्वचित पडते. फोनकडे कुणी जात नाही, फोन दुसऱ्यांकडे जातो. प्रिंटर, रेकॉर्डर, कॅमेरे, साठवणीचा डबा, यांना शोधत इतर येतात, म्हणून त्यांचे पत्ते पक्के हवेत. फोनला नाव असलं की पुरे.

आणखी दोन फसवे प्रकार. एक, लॅपटॉपला वायफायचा क्रमांक वेगळा आणि वायरचा वेगळा, टीव्हीचंही तेच. वर यूएसबीतून वायर जोडणारी डोंगल वापरत असाल तर क्रमांक डोंगलचा दिसतो, म्हणजे तीच डोंगल बायकोच्या लॅपटॉपला लावली की राउटरला वाटतं तुम्हीच आलात. दोन, वायफाय एक्स्टेंडर. काही एक्स्टेंडर आपल्यामागच्या उपकरणांचे क्रमांक बदलून पुढे पाठवतात, त्यामुळे तोच कॅमेरा थेट जोडला तर एका क्रमांकानं दिसतो, एक्स्टेंडरमार्गे आला तर दुसऱ्या. आरक्षण तेव्हा लागू होत नाही आणि आपण डोकं खाजवत बसतो. वर ॲक्सेस पॉइंट वायरीनं जोडलेला असताना तुम्हाला एक्स्टेंडरची गरज नाही. असेल तर काढून टाका.

आता वही. एक रविवार सकाळ राखून ठेवा, पोहे खाऊन बसा. कागदावर रकाने करा: नाव, घरातली जागा, मॅक क्रमांक, पत्ता, कधी घेतलं. क्रमांक यादीतून ओळखण्याआधी वस्तूवरून टिपा. प्रिंटरच्या मागे, कॅमेऱ्याच्या बुडाला, रेकॉर्डरखाली स्टिकर असतो; टीव्हीत सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या पानावर सापडतो. फोननं फोटो काढून मोठा करून वाचा, ८ आणि बी, शून्य आणि डी यांत गफलत होते. स्टिकरवर दोन क्रमांक असतील तर एक वायरचा, एक वायफायचा, दोन्ही लिहा.

जे उरतील त्यांच्यासाठी जुनीच पद्धत: एकेक बंद करा आणि कोण गेलं ते बघा. इथे एक खाच आहे. राउटरचं लीजचं पान बंद झालेलं उपकरणही मुदत संपेपर्यंत दाखवत राहतं, तेव्हा 'बंद केलं तरी दिसतंय' म्हणून घाबरू नका. 'कनेक्टेड' किंवा 'ॲक्टिव्ह' असं लिहिलेलं वायफायचं पान बघा, तिथे मिनिटभरात फरक पडतो. किंवा संगणकावरून खात्री करा. पिंगला, म्हणजे 'आहेस का' या संगणकाच्या हाकेला, उत्तर आलं नाही म्हणून उपकरण नाही असं समजू नका, विंडोजची फायरवॉल (बाहेरच्या हाका अडवणारा पहारेकरी) अनेकदा पिंगला मुद्दाम गप्प बसते. पण आधी पिंग मारून मग एआरपीची यादी काढली तर तिथे मॅक क्रमांक उमटतो. कारण एकाच नेटवर्कातल्या दोघांना बोलायचं तर 'हा पत्ता कुणाचा' या एआरपीच्या हाकेला ओ द्यावीच लागते, फायरवॉल असो नसो. विंडोजच्या काळ्या खिडकीत एआरपी हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून, वजा चिन्ह आणि ए टाकलं की यादी येते. उपकरणाचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा दिसला तर ते पत्ता मागून मागून थकलेलं आहे, त्याला डीएचसीपीचं उत्तरच मिळालेलं नाही. वायर किंवा पासवर्ड तपासा.

पत्त्यांची वाटणी करताना शेवटच्या आकड्याला अर्थ द्या, पुढे डोकं चालवावं लागत नाही. मी साधारण असं करतो: १९२.१६८.३७.१ राउटर, २ ते १९ नेटवर्कची स्वतःची उपकरणं, २० पासून प्रिंटर आणि साठवण, ४० पासून कॅमेरे नि रेकॉर्डर, ७० पासून टीव्ही, एसी, प्लग वगैरे, आणि १०० ते १९९ पाहुण्यांसाठी नि फोनसाठी मोकळं वाटप. काही राउटर आरक्षणाचा पत्ता वाटपाच्या पट्ट्यातलाच मागतात. तसं असेल तर वाटप २० पासून सुरू करा, आरक्षित पत्ते ते इतरांना देणार नाहीतच. कॅमेऱ्यांत मजल्यानुसार क्रम लावता येतो, ४१ दार, ४२ जिना, असं. आरक्षण केल्यावर उपकरण लगेच उडी मारत नाही, जुनी लीज चालू असते. ते बंद करून चालू करा.

राउटरमध्ये नावंही भरा: 'प्रिंटर-हॉल', 'कॅमेरा-दार'. नाव उपकरणाचं नि जागेचं असावं, माणसाचं नको. प्रिंटर जागचा हलत नाही, फोन मात्र एकाचा दुसऱ्याकडे जातो. राउटर घरच्या नावांना शेवटी काय लावायचं विचारत असेल तर 'लोकल' लावू नका, तो शब्द उपकरणं आपसात हाका मारायला वापरतात आणि घोळ होतो. घरासाठी 'होम डॉट अर्पा' हा शेपटा २०१८ पासून राखून ठेवलेला आहे.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी यादीत लांबलचक पत्ते दिसतील. एकेका उपकरणाला असे तीन-चार असू शकतात आणि त्यातले काही खासगीपणासाठी मुद्दाम बदलत राहतात. ओळखीसाठी त्यांच्याकडे बघू नका.

आता तुमच्या दोन तक्रारी. प्रिंटर: राउटरमध्ये आरक्षण झाल्यावर विंडोजमधला जुना प्रिंटर काढून टाका आणि 'टीसीपी/आयपी' पत्त्यानं नवा जोडा, पत्ता १९२.१६८.३७.२०. जुन्या नोंदीचा पोर्ट जुन्या पत्त्याकडेच बोट दाखवत राहतो, म्हणून नुसतं आरक्षण करून 'ऑफलाइन' जात नाही. कॅमेरे: चारपैकी दोनच का काळे पडतात, याचं माझं अनुमान असं की उरलेले दोन रेकॉर्डरच्या मागच्या पोर्टात थेट वायरीनं लागलेत. त्या पोर्टांच्या मागे रेकॉर्डरचं स्वतःचं छोटं नेटवर्क असतं, त्याचे पत्ते रेकॉर्डर वाटतो, राउटरचा संबंध नाही, राउटरच्या यादीत ते दिसतही नाहीत. काळे पडणारे दोन वायफायवर असणार, आणि रेकॉर्डर त्यांना पत्त्यानंच ओळखतो. त्या दोघांना ४१, ४२ आरक्षित करा, मग रेकॉर्डरमध्ये तेच पत्ते लिहा. रेकॉर्डरलाही ४० द्या, म्हणजे बाहेरून बघायचं ॲप अडणार नाही.

हे सगळं कुलूप नाही, हेही सांगून ठेवतो. मॅक क्रमांक वायफायवर उघडाच जातो, पासवर्ड असला तरी, आणि कुणीही तो स्वतःच्या यंत्राला लावू शकतो. मुलाच्या फोनला रात्री दहानंतर इंटरनेट बंद असा नियम मॅक क्रमांकावर लावला असेल तर त्याला 'प्रायव्हेट ॲड्रेस'चं बटण सापडेपर्यंत तो चालेल. बटण सापडायला माझ्या पुतण्याला एक संध्याकाळ लागली होती. 'ओळख नसलेल्या प्रत्येकाला अडवा' असा उलटा नियम राउटरमध्ये असेल तर तो जास्त टिकतो, पण मग प्रत्येक पाहुण्याला तुम्ही हातानं आत घ्यायचं. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वायफाय उघडा, तुमची यादीही स्वच्छ राहील.

वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि एक प्रत राउटरजवळच्या भिंतीला चिकटवा. राउटरची सेटिंग्ज फाइलमध्ये उतरवून घेता येतात, पण ती फाइल दुसऱ्या मॉडेलवर सहसा चढत नाही, आणि नेटवाला डबा बदलायला येतो तेव्हा जुना घेऊन जायच्या घाईत असतो.

शेवटी, घरच्यांना आधी सांगून, मेन स्विच पाडा. इन्व्हर्टरही बंद करा. दहा मिनिटं थांबा आणि सगळं एकदम चालू करा. पाच मिनिटांनी लॅपटॉपवरून एक पान छापा, रेकॉर्डरच्या चारही चौकटी बघा आणि राउटरची यादी वहीशी ताडून घ्या. वहीत नसलेला एखादा क्रमांक तेव्हाही दिसला, तर आधी गच्चीवर जाऊन या.